टाकी, टोनर आणि इस्त्री

टाकी भरली की बोंब मारणारं तयार यंत्र बुधवार पेठेत तपकीर गल्लीत किरकोळ पैशांत मिळतं. ते विकत आणणं हा माझ्यातल्या इंजिनियरचा अपमान होता. पदवी सिव्हिलची आहे, पण अपमान वाटून घ्यायला शाखा आडवी येत नाही.

सर्किट तसं सोपं: एक ५५५ आयसी, थोडे रेझिस्टर, एक बझर. भोकाभोकांच्या तयार बोर्डावर जोडलं असतं तर त्याच संध्याकाळी वाजलं असतं. पण पॉल आयस्लर या व्हिएन्नाच्या इंजिनियरनं १९३६ साली लंडनमध्ये छापील सर्किटचा रेडिओ बनवला होता, आणि हे माझ्या वाचनात आलं होतं. त्याच्याकडे तर घरात प्रिंटरही नव्हता!

आमच्याकडे होता, पण शाईचा. ती शाई पाण्यात विरघळते, म्हणजे पहिल्याच आंघोळीत सर्किट वाहून जाणार. टोनर मात्र प्लॅस्टिकची भुकटी. तो तापून वितळतो, तांब्याला चिकटतो आणि फेरिक क्लोराईडला दाद देत नाही. उघडं तांबं विरघळतं, टोनरखालचं उरतं. म्हणून मी दिवाळी अंकातलं एक पान फाडून कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेलो. गुळगुळीत कागदावरचा लेप पाण्यात भिजून सुटतो आणि टोनर तांब्यावर राहतो. अशी पानं फक्त जाहिरातींची असतात, त्यामुळे मराठी साहित्याचं नुकसान टळलं.

"काका, यावर आधीच छापलंय."

"असू दे. या बाईंच्या हारावर छाप."

त्यानं सराफाच्या जाहिरातीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि ड्रम बिघडला तर भरपाई कोण देणार ते आधी ठरवून घेतलं.

तांब्याचा बोर्ड पितांबरीनं घासला, त्यावर पान पालथं घातलं आणि इस्त्री कॉटनवर ठेवून दाबली. जोर जास्त झाला तर शेजारच्या दोन रेघा वितळून एकमेकींत शिरतात. कमी झाला तर निम्म्या कागदावरच राहतात. बेताचा जोर किती, हे बोटांना उमगेपर्यंत बराच दिवाळी अंक खर्ची पडला.

"अहो, वास कसला येतोय?"

"टोनरचा."

"माझ्या इस्त्रीला?"

या प्रश्नाला सुरक्षित उत्तर नसतं.

फेरिक क्लोराईडला धातूचं भांडं चालत नाही, ते भांडंच खातं. मी श्रीखंडाचा रिकामा डबा घेतला. त्यात बोर्ड ठेवून डबा झुलवत राहायचं, म्हणजे ३५ मायक्रॉनचा तांब्याचा थर हळूहळू उतरतो. झुलवण्यात मी इतका रमलो की डबा मोरीत कलंडला. फरशीवरचे तांबूस डाग ऑक्झॅलिक अ‍ॅसिडनं निघतात. बनियनचे निघेपर्यंत बनियन उरला नाही. पिवळी बोटं घेऊन ऑफिसात गेलो, तर घरात हळद कुणाची लागली, अशी चौकशी झाली.

पण बोर्ड देखणा उतरला होता! भोकं पाडली, आयसी बसवायला घेतली आणि एक नंबरचा पाय आठच्या जागी जाऊ लागला. सॉफ्टवेअर तांब्याची बाजू वरून, बोर्ड पारदर्शक असल्यासारखी दाखवतं. म्हणजे ती मुळातच उलटी दिसते आणि कागद पालथा घातला की आपोआप सुलट होते. मी हौसेनं 'मिरर'वर टिचकी मारून ती आणखी एकदा उलटवली होती. शेवटी आयसीचे आठही पाय उलट्या दिशेला वाकवले आणि ती उताणी पाडून सोल्डर केली.

यंत्र वाजतं. टाकी भरली की वाजतं आणि समोरच्यांनी मिक्सर लावला तरीही वाजतं.

आता दुहेरी बोर्डाचा विचार आहे. त्याला दोन्ही बाजूंचे कागद भोकाला भोक जुळवून चिकटवावे लागतात, आणि इस्त्रीपेक्षा लॅमिनेटरचा दाब सारखा पडतो, असं कळलं. मुलीनं मार्कशीटसाठी घेतलेलं लॅमिनेटर घरात आहे. कालपासून ते कपाटात आहे, आणि कपाटाची किल्ली तिच्या आईच्या कमरेला.