शर्ट आत, मोबाइल बाहेर

बी.एड.च्या पहिल्या दिवशी आम्ही प्रत्येकाच्या हातात एक कागद ठेवतो. वर ठळक अक्षरांत 'छात्राध्यापकांसाठी आचारसंहिता'. ते वाचून दरवर्षी मागच्या बाकावरून कोणीतरी विचारतंच, "सर, निवडणूक लागली का?" हिंगोली जिल्ह्यात आचारसंहिता लागते ती जिल्हा परिषदेची, नाहीतर बाजार समितीची. ती कॉलेजातही लागते, हे पचायला पहिलं सत्र जातं.

कागद साधाच आहे. वेळेवर यावं, मोबाइल दाराशी ठेवलेल्या टोपलीत टाकावा, पाठ टाचण आदल्या दिवशी तपासून घ्यावं, शर्ट आत खोचलेला असावा आणि एकमेकांना 'सर', 'मॅडम' म्हणावं. शेवटच्या कलमाने सगळ्यात जास्त घोळ होतो. काल कयाधूच्या पुलावर "अय गड्या, थांब की" म्हणून ज्याला अडवलं, त्याला आज "पाटील सर, जरा डस्टर द्याल का?" असं विचारायचं. दोघेही हसतात आणि डस्टर तसंच राहतं.

हजेरीचं कलम मात्र आमच्या हातात नाही. २०१४ च्या नियमावलीने बी.एड. दोन वर्षांचं केलं. त्यात वर्गातली हजेरी ८० टक्के आणि शाळेतल्या आंतरवासितेची ९० टक्के हवी, असा राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेचा नियम आहे. हा नियम करणाऱ्याने हळद शिजवलेली नसावी. आमच्याकडे जानेवारी संपता संपता हळद निघते, मग शिजवायची, वाळवायची, पॉलिश करायची. त्या दिवसांत वर्गात येतात ते सुद्धा पिवळ्या बोटांनी हजेरीपटावर सही करतात. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा एकाने अर्ज दिला: जिल्ह्याच्या नावलौकिकासाठी शेतात घालवलेले दिवस कर्तव्यरजा म्हणून धरावेत. अर्जाची भाषा इतकी नेटकी होती, की नामंजूर करताना मला शेरा लिहायला दोन ओळी शोधाव्या लागल्या.

आता आमचे विद्यार्थी म्हणजे काही कोवळी पोरं नव्हेत. कोणी एम.ए. करून आलेला, कोणी दोन लेकरांची आई. एकाची बायको गावातल्याच शाळेत शिक्षिका आणि त्याची आंतरवासिता नेमकी त्याच शाळेत लागली. वर्तनाचा शेरा तिच्या सहीने येणार होता. मी म्हणालो, शाळा बदलून देतो. तो म्हणाला, "राहू द्या सर, मूल्यमापन घरी रोजच होतंय. इथं निदान कागदावर मार्क तरी दिसतील."

मार्च २०२४ मध्ये शासनाने शिक्षकांच्या पेहरावाचं परिपत्रक काढलं आणि आमच्या कागदाला एकदम सरकारी वजन आलं. जीन्स नको, टी-शर्ट नको, भडक रंग आणि नक्षी नको. शिवाय डॉक्टर 'डॉ.' लावतात तसं शिक्षकांनी नावाआधी 'टि' लावावं. जीन्स जाणार म्हणून वर्गात सुतकी शांतता पसरली, कारण बहुतेकांकडे दुसरी पँट लग्नातली होती. 'टि'वर मात्र उत्साहाने चर्चा झाली. पहिलाच प्रश्न: "सर, गाडीवर लिहिलं तर पोलीस सोडतात का?"

या सगळ्यात मला अधूनमधून नामदेव आठवतात. त्यांचं नरसी आमच्याच जिल्ह्यात. तेरला गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी वाजवून पाहिली, अशी कथा आहे. बाकीचे गप्प बसले, नामदेव चिडले आणि कच्चं मडकं ठरले. आमच्या भाषेत अंतर्गत मूल्यमापनात नापास. मग औंढ्याला विसोबा खेचरांकडे रवानगी. तिथे गुरू देवळात आडवे, पाय थेट पिंडीवर! नामदेव रागावले तर विसोबा म्हणाले, बाबा, जिथे पिंडी नाही तिथे तूच उचलून ठेव. पाय ठेवावे तिथे पिंडी. आमचा कागद लावला असता तर गुरूच पहिल्या तासाला बाद झाले असते. आणि औंढ्याचंच दुसरं सांगतात: कीर्तनाला पुढे जागा दिली नाही म्हणून नामदेव देवळामागे गेले, तर देऊळच तिकडे फिरलं. ही गोष्ट मी मागच्या बाकांसमोर सांगायचं टाळतो.

विसोबांची मात्र मला सांगायलाच लागली नाही. गेल्या वर्षी सातवीच्या वर्गात एका छात्राध्यापकाने सराव पाठाला हीच कथा घेतली. शर्ट आत, केस चापून बसवलेले, आचारसंहितेचा चालताबोलता नमुना. मी मागे निरीक्षण वही घेऊन बसलेलो. विसोबांपर्यंत येता येता त्याच्या अंगात कथा शिरली. तो सरळ टेबलावर आडवा झाला आणि पिंडी म्हणून जे हाताशी सापडलं, त्या पृथ्वीगोलावर दोन्ही पाय ठेवले. शर्ट कधीच बाहेर आला होता. पोरं जागची हलेनात.

नेमके तेव्हाच मुख्याध्यापक दारात आले. "अहो सर, पाय काढा! पृथ्वी आहे ती!"

पुढच्या बाकावरचं पोरगं उभं राहून म्हणालं, "मग जिथं पृथ्वी नाही तिथं तुम्हीच उचलून ठेवा की!"

वर्ग फुटला. मुख्याध्यापक थोडा वेळ पायांकडे, थोडा वेळ गोलाकडे बघत राहिले. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "शर्ट इन नाही, तेवढं लिहा."