बारा व्होल्टचे बारा

कुवेतमध्ये विजेचा वापर सढळ. मे ते सप्टेंबर एसी अहोरात्र चालतो, दर फिल्समध्ये मोजतात आणि आमच्या इमारतीत बिलही घरमालकच भरतो. जून २०२४मध्ये वेळापत्रक लावून काही भागांत वीज घालवली, तेव्हा लोकांना घरात कोणी आजारी पडल्यासारखं वाटलं. अशा देशात माझी मागणी अगदी किरकोळ आहे : १३.८ व्होल्ट, सुमारे दोन अँपिअर, स्वच्छ. ती पुरी करणारा माणूस अजून भेटायचा आहे.

मी हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाला, त्यातही क्यूआरपीवाला. म्हणजे पाच वॉटमध्ये जमेल तेवढं जग गाठायचं. सेट याएसूचा एफटी-८१७, छोटेखानी. बोलताना दोनएक अँपिअर खातो, ऐकताना अर्ध्या अँपिअरच्या आत भागवतो. ८ ते १६ व्होल्ट चालतात, असं कंपनी लिहून देते. इतकं समजूतदार गिऱ्हाईक आमच्या घरात दुसरं नाही. पण त्याला काय खायला घालायचं, यावर ज्यांनी रेडिओ पाहिलेलाही नाही त्या सगळ्यांची ठाम मतं आहेत.

“अहो, लॅपटॉपचा चार्जर लावा की,” हे पहिलं मत. लॅपटॉपचा चार्जर १९ व्होल्टचा. १६ची मर्यादा सांगितली की उत्तर येतं, “तीनच तर जास्त आहेत.” हाच माणूस चहात साखर तीन चमचे जास्त पडली तर कप परत पाठवतो. दुसरं मत ड्रिलच्या बॅटरीचं. चार लिथियम-आयन सेल ओळीने जोडले की पूर्ण भरल्यावर १६.८ व्होल्ट होतात. इथे जास्तीचं पॉइंट आठच असल्यामुळे सल्ला देणाऱ्याचा आत्मविश्वास आणखी वाढतो.

मग मी इथल्या हवल्लीच्या बाजारात गेलो. दुकानदाराने काउंटरवर बारा व्होल्टचे अडॅप्टर पसरले. लेबलवर पाच अँपिअर, वजन रिकाम्या काडेपेटीएवढं. दोन अँपिअर ओढल्यावर किती व्होल्ट उरतात, असं विचारलं. तो म्हणाला, “भाई, सेम सेम.” दुसरा उचलला. “वो भी सेम.” एकावर मधली पिन धन, दुसऱ्यावर ऋण, हे चित्र लेबलवरच छापलेलं होतं. ते दाखवल्यावर त्याने दोन्ही लेबलं लक्षपूर्वक पाहिली आणि किंमत अर्धा दिनार कमी केली.

मी खिशातून छोटा मीडियम वेव्हचा रेडिओ काढला, दोन स्टेशनांच्या मधल्या मोकळ्या जागी लावला आणि चालू अडॅप्टरजवळ धरला. स्वस्त स्विचिंग सप्लाय आत सेकंदाला हजारो वेळा वीज तोडत-जोडत असतो. गाळणीचे भाग वाचवलेले असले, तर तो आवाज वायरीतून बाहेर पडतो आणि थेट शॉर्टवेव्हपर्यंत पसरतो. रेडिओ करवतीसारखा ओरडू लागला. दुकानदार समाधानाने म्हणाला, “देखो, कितना पॉवर है!” असा सप्लाय ७ मेगाहर्ट्झवर लावला की लांबचं कुजबुजणारं स्टेशन ऐकू येत नाही, आपला अडॅप्टर मात्र स्पष्ट येतो. १९९०च्या इराकी कब्जात याच देशातल्या हौशी रेडिओवाल्यांनी जिवावर उदार होऊन बाहेर बातम्या पोचवल्या. मला भर शांततेच्या काळात अडॅप्टरच्या पलीकडे काही पोचवता येत नाही.

घरी आणावा तर प्लगचा प्रश्न. इथले सॉकेट ब्रिटिश, तीन चौकोनी पायांचे. अर्थिंगचा लांब पाय आत गेल्याशिवाय बाकी दोन भोकांवरची झाकणं सरकत नाहीत. लहान मूल तार घालेल म्हणून ही व्यवस्था. आमच्या हारिसला, म्हणजे इमारतीच्या रखवालदाराला, ती पाठ आहे. तो कानावरची पेन्सिल काढतो, अर्थिंगच्या भोकात खुपसतो, दोन पायांचा प्लग खाली दाबतो आणि म्हणतो, “मिया मिया.” म्हणजे शंभर टक्के. त्या भोकाचा आमच्या इमारतीत एवढाच उपयोग आहे.

अशा अर्थिंग नसलेल्या अडॅप्टरवर रेडिओच्या धातूच्या अंगाला हात लावला की मुंग्या येतात. आत मेन्सची बाजू आणि आपली बाजू यांच्यामध्ये एक छोटा कपॅसिटर बसवलेला असतो. त्यातून झिरपणारा प्रवाह नगण्य, पण मीटर लावला तर शंभरच्या वर व्होल्ट दाखवू शकतो. कपॅसिटर योग्य दर्जाचा असेल तर प्रकरण मुंग्यांवर भागतं. स्वस्तातला असेल आणि एके दिवशी शॉर्ट झाला, तर २४० व्होल्ट रेडिओमार्गे अँटेनावर जातात. माझी अँटेना गच्चीत आहे. तिच्यावर हारिस कपडे वाळत घालतो. मी सांगितलं, तो म्हणाला, “मिया मिया.”

तेव्हा जुन्या पद्धतीचा लिनिअर सप्लाय बरा, म्हणून सुट्टीत पुण्यात तपकीर गल्ली गाठली. ट्रान्सफॉर्मरवाला, आवाज नाही, मेन्सपासून नीट वेगळा, तीन पायांची वायर. सेट किलोभराचा आणि सप्लाय चार किलोचा, म्हणजे नाकापेक्षा मोती जड. तरी मी कारागिराला विचारलं, “आतला मुख्य ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला तर?” कारण तसं झालं की अलीकडचे वीसएक व्होल्ट थेट रेडिओत शिरतात. ते रोखायला क्रोबार नावाचं सर्किट असतं : व्होल्टेज चढलं की ते स्वतःच आउटपुट शॉर्ट करतं आणि फ्यूज उडवतं. कारागीर म्हणाले, “साहेब, इतकी वर्षं बनवतोय, एकही तक्रार नाही.” क्रोबार मी ज्यादा पैसे देऊन बसवून घेतला. “तुमचं समाधान,” असं बिलावर लिहून मिळालं. सामान भरताना चार किलो भाजणी आणि मेतकूट बाहेर राहिलं. त्यावर घरात जे बोलणं झालं, त्याला क्रोबार नव्हता.

बॅटरीचंही करून पाहिलं. लिथियम आयर्न फॉस्फेट, साधारण १२.८ व्होल्ट, पूर्ण भरताना १४.६. रेडिओला मानवते, आवाज शून्य, मेन्सशी संबंधच नाही. सहा अँपिअर-तासाची म्हणजे ७७ वॉट-तासांची, त्यामुळे विमानात शंभराच्या मर्यादेत बसते, मात्र केबिनमध्येच. अडचण एवढीच की ती ४५ अंशांच्या वर चार्ज करायची नसते. कुवेतमधल्या मित्रिबाला २१ जुलै २०१६ रोजी ५३.९ अंश नोंदले गेले. आमच्या बाल्कनीची नोंद कोणी ठेवत नाही, पण तिथे पापड तळल्याशिवाय लाल होतात. सबब बॅटरीला बैठकीत एसीसमोर जागा मिळाली आहे. पाहुणे तिच्या अलीकडे बसतात.

आता सगळं यथासांग आहे. पिन जोडण्याआधी मीटरने धन-ऋण आणि व्होल्ट पाहतो. सप्लायजवळ तीन अँपिअरचा फ्यूज आहे, वायरीवर आवाज अडवायला फेराइटचं कडं आहे. मध्यंतरी ऑगस्टच्या रिवाजाप्रमाणे लॅपटॉपच्या चार्जरवाल्या मित्राच्या गाडीची बॅटरी बसली. “तुमचा तो जड डबा तासभर द्या,” म्हणून तो लिनिअर सप्लाय घेऊन गेला. आठवडा झाला. आठवण केली तर त्याने ड्रायव्हरच्या हाती हवल्लीचा नवा अडॅप्टर पाठवला. सोबत निरोप होता : वजनाला हलका आहे, बाकी सेम.