सून, सासू आणि ‘बिल्ड’

हॅस्केल ही प्रोग्रामिंग भाषा वापरणाऱ्यांच्या घरात २०१६ साली नवी सून आली: प्रोग्राम बांधणाऱ्या ‘कबाल’ या साधनाची नवी आज्ञा, ‘कबाल न्यू-बिल्ड’. जुन्या ‘बिल्ड’च्या, म्हणजे सासूच्या, राज्यात पॅकेजं एकमेकांच्या उरावर बसायची, त्या छळाला लोक उघडपणे ‘कबाल हेल’ म्हणत. सुनेनं प्रत्येक प्रकल्पाचा संसार वेगळा मांडला, छानच केलं. पण नव्याचे नऊ दिवस! २०१८मध्ये तिचं नाव ‘व्ही२-बिल्ड’ झालं, सासूबाईंचं ‘व्ही१-बिल्ड’. २०१९च्या ३.० आवृत्तीपासून सून नुसती ‘बिल्ड’, म्हणजे सासूच्याच नावानं नांदू लागली. आमची बोटं मात्र ‘न्यू-बिल्ड’च टंकत राहिली, आणि तेही मुकाट चालायचं. नावांच्या या गोंधळात संकलनाशिवाय हॅस्केल फाइल चालवणारा ‘रनजीएचसी’ तेवढा साधा. म्हणजे, त्यालाही ‘रनहॅस्केल’ हे टोपणनाव आहेच.