मंगलवाद्य

आमच्या शिरपुरात लग्न कसं झालं हे विचारावं लागत नाही, ते घरबसल्या ऐकू येतं. हळदीच्या रात्री डीजेने खिडक्यांची तावदानं हलली, वरातीत बँडच्या गाडीमागे सगळी गल्ली नाचली आणि पंगतीत घोटलेल्या वांग्यांच्या भाजीबरोबर वरण-बट्टी पुरून उरली, की लग्न झकास झालं. अशा या गावात लेकीच्या लग्नाला चेलो वाजवायचा, ही कल्पना ज्या डोक्यात आली ते डोकं माझं. त्यावर घरात दुसऱ्या कुणीही हक्क सांगितलेला नाही.

त्यात थोडा दोष जुन्या हिंदी गाण्यांचा. गाणारा श्वास घ्यायला थांबतो आणि मागून काहीतरी भारदस्त, गोड असं घुमतं, ते काय असतं याचा मी अर्धं आयुष्य विचारच केला नव्हता. मग कळलं की तो चेलो. व्हायोलिनच्याच घराण्यातला, चार तारांचा, उभा केला तर चारेक फूट भरेल असा थोरला भाऊ. मुंबईच्या स्टुडिओंत ही तंतुवाद्यं वाजवायला बहुतेक गोव्याची मंडळी असत. ‘अमर अकबर अँथनी’मधलं अँथनी गोन्साल्विसचं गाणं आहे ना, ते नाव खऱ्या माणसाचं, प्यारेलालजींच्या व्हायोलिनच्या गुरूंचं. पुढे कीबोर्ड आला आणि अख्ख्या वाद्यवृंदाचं काम एका टेबलावर आटोपू लागलं. पण मुंबईत एनसीपीएचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा २००६पासून आहे, म्हणजे चेलोवाले शिल्लक आहेत, एवढी माहिती मी जमवली. सुरेश खानापूरकरांनी नाले खोल-रुंद करून पाणी जमिनीत मुरवायचा शिरपूर पॅटर्न साऱ्या महाराष्ट्राला दिला. लग्नाचा शिरपूर पॅटर्न मी देणार होतो.

ओळखीच्या ओळखीतून मुंबईचा एक तरुण चेलिस्ट मिळाला. मुलगा फारच सभ्य. मी फोनवर विचारलं, ‘‘वरातीत चालता चालता वाजवाल ना?’’ तो म्हणाला, ‘‘काका, चेलो बसून वाजवतात.’’ मी म्हटलं, ‘‘हात्तिच्या! मग ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसवतो.’’ पलीकडे इतका वेळ शांतता, की मला वाटलं रेंज गेली.

शेवटी मंगलाष्टकांआधी मंडपात वाजवायचं ठरलं. शिरपूरला रेल्वे नाही, तेव्हा तो रात्रीच्या ट्रॅव्हल्सने येणार. ‘‘तिकिटं मात्र दोन काढा,’’ तो म्हणाला. मी मनात म्हटलं, नवीन लग्न झालेलं दिसतंय, काढू की! सौभाग्यवतीला सांगितलं, तिने खण-नारळाची ओटी तयार ठेवली, लॉजवर डबल रूम सांगितली, आणि सकाळी हायवेवर आम्ही दोघं सूनबाईंच्या स्वागताला हळद-कुंकवाची कोयरी घेऊन उभे. बसमधून तो उतरला, मागे वळला आणि दोन्ही हातांनी एक भलीमोठी काळी पेटी अलगद खाली घेतली. दुसरं तिकीट तिचं होतं.

ओटी वाया गेली नाही. तो खण त्याने तारांवरची राळ पुसायला घेतला.

बसायची व्यवस्था मी अभ्यास करून केली होती. मूळच्या डच असलेल्या सास्किया राव-दे हास मांडी घालून चेलोवर राग वाजवतात, हे मी एका लेखात वाचलं होतं. मी स्टेजखाली शुभ्र गादी, लोड, तक्के, शेजारी पानाचं तबक असा थाट मांडला. त्यांचा चेलो त्यासाठीच लहान करून घेतलेला आहे, तरफेच्या तारा लावलेला आहे, हे लेखाच्या उरलेल्या अर्ध्या भागात होतं. मुलाने गादीकडे बघितलं आणि हात नसलेली खुर्ची मागितली. मंडपवाल्याच्या तमाम खुर्च्यांना हात. हात नसलेली अशी एकच बैठक लग्नघरात निघाली, ती आचाऱ्याकडचा तेलाचा रिकामा डबा. वर गोधडी टाकली आणि पाश्चात्त्य संगीत त्यावर बसवलं.

चेलोच्या बुडाला एक लोखंडी टोकदार दांडी असते, तिच्यावर तो उभा राहतो. खाली मॅटिंग आणि मॅटिंगखाली आमची काळी माती, आदल्या संध्याकाळी धूळ बसावी म्हणून मीच टँकरने भिजवलेली. तो वाजवू लागला आणि चेलो मुरू लागला. चेलो खाली, त्यामागे मान खाली, मग खांदे खाली. पहिली धून संपेपर्यंत पोरगा जमिनीला कान लावल्यासारखा दिसत होता. मी धावत जाऊन हाताला लागला तो पाट दांडीखाली सरकवला आणि स्वतःवरच खूश होऊन परतलो.

मग त्याने पाखेलबेलचा कॅनन धरला. परदेशी लग्नांत याला फार मान. त्यात चेलोला आठच स्वर असतात आणि तेच आठ स्वर तो अठ्ठावीस वेळा वाजवतो. वर व्हायोलिनं बहार उडवत असतात म्हणे. ती किमान तीन लागतात, आणि मी काटकसर म्हणून एकट्या चेलोलाच बोलावलं होतं. बराच वेळ ऐकून थोरले आबा माझ्याकडे झुकले, ‘‘काय रे भो, हाऊ वाजाडी ऱ्हायना, का अजून सूरच लाई ऱ्हायना?’’

कूलरच्या दमट हवेने त्याच्या गजाचे केस सैल पडले, तेव्हा ते घोड्याच्या शेपटीचे असतात हेही आबांना कळलं. ते तडक उठले. ‘‘घोडी दारमां उभी शे, जितलं पाहिजे तितलं ल्या!’’ त्यांना परत बसवायला दोन जावई लागले.

एवढ्यात गुरुजींनी हाक दिली, अंतरपाट आणा, मुलाला पाटावर उभं करा. पाट सापडेना. मामा कोठीघरात, मावशी खोलीत, करवल्या स्टेजमागे, सगळे पाट शोधताहेत. गुरुजी घड्याळाकडे आणि व्याही माझ्याकडे बघताहेत. नवरदेवाला तसाच मॅटिंगवर उभा केला, अक्षता पडल्या, बाहेर बँड कडाडला. पाटावर चेलो उभा होता.

मुलगा त्याच रात्री दोन तिकिटांवर मुंबईला गेला. सौभाग्यवतीने बरोबर बट्ट्यांचा डबा दिला, दोघांना पुरेल असा. सवय लागली होती.

पुढे लग्नाचा व्हिडिओ आला. चेलोचा आवाज नुसताच घरघरतोय म्हणून व्हिडिओवाल्याने तो काढून टाकून सनईची रेकॉर्ड टाकली होती. पडद्यावर तेलाच्या डब्यावर बसलेला पोरगा तल्लीन होऊन गज ओढतोय, आणि सनई वाजतेय. घरचे सगळे दाटीवाटीने बसून बघत होते. शेवटी आत्याने डोळे पुसले आणि म्हणाली, ‘‘काही म्हणा भाऊ, पोऱ्यानी सनई भलती मस्त वाजाडी.’’