सुती बनियनवाल्यांनी येऊ नये

जाहिरात मोबाइलवर फिरत फिरत माझ्यापर्यंत आली. जिमसाठी ट्रेनर पाहिजे, ठिकाण मारेगाव, शिक्षण दहावी पास किंवा नापास, अनुभव असल्यास प्राधान्य, पगार समक्ष भेटीत. इथवर सारं रीतीला धरून आहे. पगार समक्ष सांगायचा असला की दार आतून लावून घेतात, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. माझी नजर अडली ती शेवटच्या ओळीवर. ‘मुलाखतीला ड्राय-फिट टी-शर्ट, ट्रॅक पँट व स्पोर्ट शूज घालूनच यावे. कॉटन चालणार नाही.’

कुठं चालणार नाही, तर मारेगावात! जिथं मृगापासून संक्रांतीपर्यंत माणूस पराटीशिवाय दुसरं बोलत नाही, आणि घरी पाहुणा आला तर त्याला टेकायला जागा व्हावी म्हणून समोरच्या खोलीतला कापूस आधी पायाने मागे लोटावा लागतो.

मालकाची बाजू ऐकून घेतली पाहिजे. ती बाजू अशी : “कॉटन ओलावा धरते ना भाऊ. दोन सेट मारले का पाठीवर नकाशा दिसते. मेंबर लोकायले घाण वाटते.” विज्ञान मालकाच्या बाजूने उभं आहे, हे कबूल. कोरडाठाक दिसणारा सुती कपडाही साध्या हवेत आपल्या वजनाच्या साडेआठ टक्क्यांच्या आसपास पाणी धरून असतो. पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा धरत नाही. घाम त्यात मुरत नाही, वर पसरतो आणि उडून जातो. बरोबर आहे. उडून जाणारी गोष्ट कोणालाही आवडते.

पण ओलाव्याचा हा मुद्दा मार्डी-कुंभ्याकडच्या पोराने जिममध्ये पहिल्यांदा ऐकलेला नाही. त्याच्या बापाने तो हमीभावाच्या खरेदीवर दर हंगामात ऐकला आहे. तिथेही मुलाखतच असते, फक्त ती कापसाची होते. बाप ट्रॅक्टरवर ताडपत्री ओढून थंडीत रांगेत रात्र काढतो. सकाळी ग्रेडर येतो, गाडीत हात घालतो, बोंडातली कवडी काढून बघतो, धागा ओढून बघतो, आणि मग मीटरची सळई कापसात खुपसतो. सगळी गर्दी त्या आकड्याकडे डोळे लावून. 8 टक्क्यांपर्यंत ओलावा असला तर पूर्ण भाव. त्यापुढे टक्क्याटक्क्याला कपात. 12 च्या वर गेला की गाडी परत, वाळवून आणा. कुठं वाळवायचा? रात्रीचं दव कोणाच्या बापाचं ऐकतं? अवकाळी पाऊस काय मीटर पाहून पडतो? गेटाबाहेर खासगीवाला उभाच असतो, विडी पीत. त्याला ओलावा चालतो, भाव चालत नाही. बाप तिथं गाडी रिकामी करतो, घरी येतो, आणि पोराला म्हणतो, शेतीत काही राहिलं नाही रे, नोकरी पाहा. पोरगा नोकरी पाहतो. आणि तिथला इसम त्याच्या बनियनकडे बोट दाखवून म्हणतो : ओलावा धरते.

म्हणजे बाप नापास झाला तो ज्या कारणाने, पोरगाही त्याच कारणाने. या घराण्यावर एखाद्या साधूचा शाप असावा असं मानायला जागा आहे. शाप असा की, तुमच्या हातून जे निघेल ते ओलं निघेल, आणि सगळ्या जगाला कोरडं पाहिजे असेल.

आता हिशेब. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8110 रुपये, म्हणजे किलोला 81. बऱ्यापैकी ब्रँडचा, छातीवर इवलंसं चिन्ह असलेला ड्राय-फिट टी-शर्ट वणीला जाऊन घ्यायचा तर आठशे रुपये धरा. म्हणजे दहा किलो कापूस. दहा किलो कापसातून सरकी काढली की तीन-सव्वातीन किलो रुई उरते, तिच्यात वीसेक बनियन सहज होतील. ते वीस बनियन द्यायचे आणि बदल्यात दीडशे ग्रॅमचा एक टी-शर्ट घ्यायचा, जो खनिज तेलापासून किंवा पाण्याच्या जुन्या बाटल्या वितळवून केलेला आहे. लग्नाच्या मांडवामागे फेकलेली बाटली धागा होऊन, चिन्ह लावून, आठशे रुपयांची होऊन परत येते. आणि मांडवापलीकडच्या शेतातला कापूस 12 टक्क्यांच्या वर गेला म्हणून माघारी येतो. बाटलीचा ओलावा कोणी मोजला काय? तिच्यात तर पाणीच होतं! वर 2025 च्या ऑगस्टमध्ये बाहेरून येणाऱ्या कापसावरचं 11 टक्के शुल्क माफ झालं आणि ती माफी डिसेंबरअखेरपर्यंत वाढली, म्हणजे नेमका आमचा कापूस घरात येऊन पडतो तेवढे महिने. मला राग येतो तो टी-शर्टचा नाही. जो उठतो तो याच माणसाला सांगतो की तुझं काहीतरी चुकलं, याचा येतो. बियाणं चुकलं, फवारणी चुकली, वेचणी ओली केली, आणि आता बनियन चुकली.

असो. टी-शर्ट कोणत्या मापाचा घ्यायचा, यावर पोट्ट्यांमध्ये स्वतंत्र शास्त्र आहे. आपल्या मापापेक्षा एक नंबर लहान, म्हणजे दंड फुगल्यासारखा दिसतो. श्वास मात्र वरच्या वर घ्यावा लागतो, पण मुलाखतीत बोलायला तरी कोण देतं?

पहाटे पाचला करंजी रोडला या. तिथं पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी पळताना दिसतील. पोरांना 1600 मीटर, पोरींना 800. एकीच्या पायात शाळेतले पांढरे कापडी बूट, अंगठ्याजवळ फाटलेले, वरून दोरा मारलेला. अंगात सलवार, ओढणी कमरेला करकचून बांधलेली. भरतीच्या मैदानात टेप लावतात, उंची मोजतात, पोरांची छाती न फुगवता 79 सेंटिमीटर आणि फुगवून 5 जास्त, आणि घड्याळ लावून पळवतात. टी-शर्टचं कापड विचारत नाहीत. ही पोरगी जिमच्या लेडीज बॅचसाठी गेली तर मालक म्हणणार, लेगिंग पाहिजे, फिटिंगचा टॉप पाहिजे, प्रोफेशनल दिसलं पाहिजे. घरचे म्हणणार, असले कपडे घालून आठवडी बाजारातून जाशील काय? आणि लेडीज बॅचला येणाऱ्या बाया स्वतः गाउनवर ओढणी घेऊन ट्रेडमिलवर चढणार, त्यांना कोणी काही म्हणणार नाही, कारण त्या फी भरतात.

मेमध्ये इकडे पारा 44-45 वर असतो आणि जिमवर टिनाचं छप्पर. कोणी चक्कर येऊन पडला तर काय करशील, हा प्रश्न मुलाखतीत विचारल्याचं एकही पोट्टं सांगत नाही. छातीत कळ आली तर? मणक्याचं दुखणं असलेल्या पन्नाशीच्या माणसाला पहिल्या दिवशी काय उचलायला देशील? नाही. वळून उभा राहा, पाठ दाखव, टी-शर्ट कुठला आहे, एवढंच.

त्या कोरड्या टी-शर्टचीही गंमत ऐका. बेल्जियममध्ये 2014 साली 26 माणसांना तासभर जागच्या जागी सायकल हाणायला लावली, त्यांचे घामाचे टी-शर्ट पिशवीत बंद करून ठेवले आणि दुसऱ्या दिवशी हुंगले. सुतीपेक्षा पॉलिस्टरचा वास जास्त वाईट निघाला, कारण वास आणणारे काही जंतू त्या धाग्यावर जोमाने वाढतात. मारेगावकरांना त्यासाठी बेल्जियमला जायची गरज नव्हती. संध्याकाळी सहाच्या बॅचला त्या दारावरून जाऊन पाहा, रुमाल न लावता.

शेवटी एका ओळखीच्या पोट्ट्याने दहा किलो कापसाएवढे पैसे उधार काढले, टी-शर्ट घेतला आणि मुलाखतीला गेला. आत भिंतीवर मेंबर लोकांसाठी नियमांची पाटी होती. वजनं जागेवर ठेवावीत. आरशाला हात लावू नये. आणि तिसरा नियम : प्रत्येकाने स्वतःचा टॉवेल आणावा, टॉवेल कॉटनचाच असावा, इतर कापडाने घाम टिपला जात नाही.

पोट्ट्याने पाटी दोनदा वाचली. मग मालकाला म्हणाला, “मंग भाऊ, टावेलच गुंडाळून आलो असतो ना मुलाखतीले!”