व्हई जाई, सर!

होळी झाली की आमच्या ग्रंथालयात दोन गोष्टी येतात, ऊन आणि ओजेटी. ओजेटी म्हणजे ऑन द जॉब ट्रेनिंग. हे लांबलचक नाव फक्त विभागाच्या पत्रावर. आमच्याकडे तो मुलगाच ओजेटी. ‘‘ओजेटी आला का?’’, ‘‘ओजेटीला हाक मार, प्रिंटरनं कागद खाल्ला’’, ‘‘ओजेटीनं डबा आणलाय का बघ.’’ नव्या शैक्षणिक धोरणानं पदव्युत्तरच्या पहिल्या वर्षाला चार क्रेडिटचं हे काम लावून दिलं. एका क्रेडिटचे 30 तास, म्हणजे एकूण 120. एवढे तास कुठंतरी काम करायचं आणि सहीशिक्क्याचा कागद न्यायचा. ज्यांना बँका, कारखाने, कंपन्या घेत नाहीत, ते ग्रंथालयाच्या वाट्याला येतात. आमचं कॉलेज जळगावातलं, एवढंच सांगतो. नाव सांगितलं तर पुढची हकीकत प्राचार्यांपर्यंत जाईल, आणि कुलरचं प्रकरण ते अजून विसरलेले नाहीत.

ओजेटी नावाचा हा माणूस तसा नवा नाही. पूर्वी त्याला ‘प्रोजेक्टवाला’ म्हणत. 2024 साली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून एक ‘लाडका भाऊ’ही येऊन गेला. सहा महिने, पदवीधराला महिना 10,000 रुपये. त्याच्या चेहऱ्यावर सरकारी शांती होती. ओजेटीला छदामही मिळत नाही, म्हणून त्याच्या अंगात उत्साह असतो.

मी सांगतोय तो धुळ्याचा, एम.एस्सी. संगणकशास्त्र. इथं कॉट बेसिसवर राहायचा आणि शनिवारी पारोळा-एरंडोलच्या एसटीनं घरी पळायचा. पहिल्या दिवशी आला तो पाठीवर सॅक, गळ्यात हेडफोन. आत येऊन त्यानं तीस हजार पुस्तकांवरून एकदा नजर फिरवली आणि विचारलं, ‘‘सर, चार्जिंगचा पॉइंट कुठंय?’’ भिंतीवर रंगनाथनांचे 1931 सालचे ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम फ्रेम करून लावलेत. त्याखाली उभं राहून फोन चार्ज करता करता त्यानं ते वाचले. ‘‘सर, ही आपली प्रायव्हसी पॉलिसी का?’’

आमच्या ग्रंथपाल मॅडमसमोर त्यानं तीन योजना मांडल्या. एक, ग्रंथालयाचं ॲप. दोन, चेहरा ओळखून आपोआप उघडणारं दार. तीन, विद्यार्थ्याच्या मनातलं पुस्तक सांगणारा चॅटबॉट. मॅडमनी शांतपणे ऐकलं, ड्रॉवर उघडला आणि बारकोडच्या स्टिकरचं रीळ त्याच्या हातात ठेवलं. ‘‘आधी मराठी विभाग कर. मग मनातलं बघू.’’

‘‘व्हई जाई, मॅडम!’’ तो म्हणाला.

‘व्हई जाई’ म्हणजे होऊन जाईल. हेच त्याचं बीजाक्षर. घरी अहिराणी, कॉलेजात मराठी, कोडमध्ये इंग्रजी. पण आश्वासन द्यायचं झालं की जिभेवर अहिराणीच. सर्व्हर बंद? व्हई जाई. चार हजार नोंदी तपासायच्या? व्हई जाई. किती दिवसांत? ‘‘दोन दिवसांत व्हई जाई ना, सर!’’ आमचे परिचर नाना अमळनेरकडचे, त्यांचीही बोली तीच. तरी तिसऱ्या दिवशी ते मला म्हणाले, ‘‘सर, या पोराचं ‘व्हई जाई’ म्हणजे एसटीचं ‘आता येईल’.’’

नानांविषयी एवढं सांगायला हवं की त्यांनी उभ्या नोकरीत माऊसला हात लावलेला नव्हता. टेबल पुसतानासुद्धा माऊसभोवतीनं पुसतात. ‘‘चावत नाही हो, नाना,’’ असं म्हटलं तर म्हणतात, ‘‘चावत नाही, पण ऐकतबी नाही.’’

तर बारकोड. स्टिकर लावणं हे काम दिसायला सोपं. पण आमच्या ओजेटीनं पहिली दोनशे स्टिकरं मुखपृष्ठाच्या बरोबर मध्यभागी चिकटवली, लग्नपत्रिकेवर गणपती असतो तशी. लेखकांची नावं गेली. एका कवितासंग्रहावर तर नुसतं ‘चे गाणे’ उरलं. पावसाचे होते, पाखराचे होते की आणखी कुणाचे, देव जाणे.

मग स्कॅनिंग. बारकोड वाचणारं ते पिस्तूल म्हणजे संगणकाच्या लेखी दुसरा कीबोर्ड. ते रेघा वाचतं, आकडे टाइप करतं आणि वर स्वतःच एंटर मारतं. कुठं टाइप करायचं हे त्याला कळत नाही. कर्सर असेल तिथं. त्या दिवशी कर्सर होता प्राचार्यांना लिहिलेल्या पत्रात, ‘वाचन कक्षातील कुलर दुरुस्त करून मिळणेबाबत’ या मजकुरात. ओजेटी कपाटाकडे तोंड करून स्कॅन करत राहिला. टीक, टीक, टीक. एकूण 43 पुस्तकं. कानात हेडफोन, मनात चॅटबॉट. मी सही करून तो कागद पाठवला. (होय, न वाचता. तुम्ही वाचता का?) दुपारी ऑफिसातून फोन. ‘‘एवढे कुलर? आणि प्रत्येकाचा नंबर कुठून मिळवला?’’

उन्हाळा पुढे सरकला, पारा 44 वर गेला आणि ओजेटीला ग्रंथालयशास्त्राची खरी गोडी लागली. कारण आमच्याकडे एसी एकाच खोलीत आहे, सर्व्हरच्या. माणसांना कुलर आणि यंत्राला एसी, हा जळगावातल्या कार्यालयांचा सर्वमान्य न्याय. एप्रिलमध्ये त्या खोलीला महत्त्व येतं. एरवी सर्व्हर म्हणजे काय हे न विचारणारे प्राध्यापक ‘सर्व्हर ठीक आहे ना?’ असं विचारत आत येतात आणि वीस मिनिटं त्याची विचारपूस करतात. ओजेटी तर डबाही तिथंच खायचा. कळण्याची भाकरी, ठेचा, सर्व्हर.

आता मूळ प्रकरण. आमच्या जुन्या नोंदी वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या हातांनी आणि वेगवेगळ्या फॉन्टमध्ये झालेल्या. युनिकोडच्या आधीच्या मराठीचं असं की तो फॉन्ट असेल तर मराठी, नसेल तर मांजर कीबोर्डवरून चालून गेल्यासारखी अक्षरं. ते रूपांतर ओजेटीनं खरोखर दोन दिवसांत केलं. मान्य करतो, मला ते दोन वर्षांत जमलं नव्हतं. रूपांतर झालं आणि आमची लाज उघडी पडली. ‘ना. धों. महानोर’ आणि ‘ना.धों.महानोर’ हे दोन कवी निघाले, कारण एकाच्या नावात मध्ये जागा होती. यावल तालुक्यातल्या सांगवीचे भालचंद्र नेमाडे आमच्याकडे चार जण होते. धरणगावचे बालकवी एका कपाटात बालकवी आणि दुसऱ्यात त्र्यंबक बापूजी ठोंबरे. आणि बहिणाबाई! बहिणाबाई चौधरी, चौधरी बहिणाबाई, बहीणाबाई, नुसत्या बहिणाबाई. ज्या माउलीला अक्षरओळख नव्हती, तिचं नाव आम्ही शिकलेल्यांनी चार तऱ्हांनी लिहून ठेवलं होतं. तिचं असोदं इथून हाकेच्या अंतरावर आणि विद्यापीठाला तिचंच नाव, तरीही.

‘‘सर, हे सगळं डुप्लिकेट येतंय,’’ ओजेटी म्हणाला. ‘‘एकत्र करून टाकू?’’

मी चहाच्या घाईत होतो. ‘‘कर.’’

त्यानं सगळ्या नोंदी एक्सेलमध्ये ओढल्या, शोधा-आणि-बदला चालवलं आणि पुन्हा आत ढकलल्या. मी चहा पिऊन येईपर्यंत नेमाडे एक झाले होते, महानोर एक झाले होते, आणि साने गुरुजी शोधून सापडत नव्हते, कारण ते ‘साने, पां. स.’ झाले होते. गुरुजींनी ज्या अमळनेरात शिकवलं, तिकडच्याच नानांना हे कळल्यावर त्यांनी दिवसभर ओजेटीशी बोलणं टाकलं.

पण खरा बॉम्ब आठवड्यानं फुटला. बी.ए.ची एक मुलगी काउंटरवर आली. ‘‘सर, बहिणाबाई तुकारामांच्या शिष्या होत्या का?’’

मी म्हटलं, ‘‘नाही गं. त्या वेगळ्या.’’

‘‘संगणकावर तर एकच दाखवताय.’’

मी पाहिलं. शिऊरच्या संत बहिणाबाई, जन्म 1628, तुकोबांना गुरू मानणाऱ्या, आणि असोद्याच्या बहिणाबाई, ज्या 1951 साली गेल्या, या दोघींची आमच्या ओजेटीनं एक बाई केली होती. तिच्या नावावर अभंगही होते आणि अहिराणीचं वारं लागलेल्या लेवा बोलीतल्या ओव्याही. हिशेब केला तर वय 323 भरत होतं.

ओजेटीला बोलावलं. त्यानं स्क्रीन पाहिला. पहिल्यांदाच ‘व्हई जाई’ म्हणाला नाही. म्हणाला, ‘‘सर, नाव तर सेम आहे.’’

आता यावर काय बोलायचं? चूक त्याची नव्हतीच. यंत्राला नाव कळतं, बाई कळत नाही. आणि ‘कर’ मी म्हणालो होतो. मी त्याला जुन्या कार्डांच्या लाकडी कपाटाशी नेलं. तिसरा खण ओढला, तो कुरकुरत आला. पिवळं पडलेलं कार्ड. कुणा जुन्या ग्रंथपालानं निळ्या शाईत, टाकानं लिहावं तसं, नाव लिहून पुढं स्वल्पविराम देऊन सालं घातली होती. जन्माचं आणि मृत्यूचं. मागच्या कार्डावर तेच नाव, वेगळी सालं. ओजेटी बराच वेळ दोन्ही कार्डं धरून उभा राहिला. मग म्हणाला, ‘‘म्हणजे हा युनिक आयडी.’’

‘‘हो, बाबा. युनिक आयडी.’’

बोलता बोलता मी विचारलं, ‘‘धुळ्याचा ना तू? राजवाडे संशोधन मंडळ पाहिलंयस?’’

‘‘त्याच्या समोरून क्लासला जायचो, सर.’’

‘‘आत?’’

‘‘आत नाही.’’

इतिहासाचार्य राजवाडे कागदांसाठी गावोगाव हिंडले, वाडे-देवळं धुंडाळली, मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे 22 खंड काढले आणि 1926 च्या 31 डिसेंबरला धुळ्यातच गेले. त्यांचं दप्तर सांभाळायला ते मंडळ उभं राहिलं. स्वभाव असा की कुणाशी फार काळ जमलं म्हणून नाही. त्यांना कुणी ओजेटी दिला असता तर 120 तासांतले किती टिकले असते, याची मी मनाशी पैज लावतो. दोनावर माझा पैसा.

पुढच्या सुट्टीत पोरगा खरंच आत जाऊन आला. सोमवारी मोबाइल पुढं धरला. मोडी कागदाचा फोटो. ‘‘सर, यात शब्दांच्या मध्ये जागाच सोडलेली नाही. हे सर्च कसं करायचं?’’ त्या प्रश्नात इतकी खरी व्यथा होती की नानांनी अबोला सोडून त्याला चहा दिला.

दोन बहिणाबाई सोडवायला सहा दिवस लागले. शोधा-आणि-बदलानं एका क्षणात जे जोडलं, ते एकेक पुस्तक उघडून तोडावं लागलं. नाना पुस्तक आणून द्यायचे आणि फक्त सांगायचे, ‘‘ही शिऊरची’’ किंवा ‘‘ही आपली’’. ओजेटी सालं घालायचा. गुरुजीही परत आले. त्यात त्याचे 120 तास केव्हाच संपले. हजेरीपत्रकात जागा नव्हती, तरी तो येत राहिला. एसीमुळे असेल. मी विचारलं नाही.

मग अहवाल आला, स्पायरल बाइंडिंगचा, 40 पानी, मलपृष्ठावर प्लास्टिक. मी वाचून थक्क झालो. स्टिकर चिकटवण्याला ‘संग्रहाचे स्वयंचलितीकरण’ म्हटलं होतं. एसीत डबा खाण्याला ‘सर्व्हरची अखंड देखरेख’. कुलरचं पत्र ‘इनपुट उपकरणांची प्रत्यक्ष चाचणी’ या शीर्षकाखाली होतं. आणि आमच्या त्या 323 वर्षांच्या बाईचं प्रकरण होतं ‘लेखक-नामांमधील संदिग्धतेचे निराकरण’. संदिग्धता कुणी केली ते नव्हतं. शेवटच्या पानावर आभार. मॅडम, मी, आणि ‘डोमेन एक्स्पर्ट नाना’. नानांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि ‘डोमेन म्हणजे शिवी नाही ना?’ एवढंच विचारलं.

यंदा होळी झाली. नवा ओजेटी आला. पाठीवर सॅक, गळ्यात हेडफोन. त्यानंही आधी चार्जिंगचा पॉइंट विचारला. तिसऱ्या दिवशी मी काउंटरवर होतो, नाना टेबल पुसत होते. त्यानं स्क्रीनवर काहीतरी पाहिलं आणि खुर्ची फिरवली.

‘‘सर, बहिणाबाई दोन वेळा येताय. एक काढून टाकू?’’

मी तोंड उघडायच्या आत नानांनी फडकं खाली ठेवलं आणि त्याच्या हाताखालून माऊस काढून घेतला.