काखेत कळसा, शाळेला वळसा

इतर गावांना समाजविज्ञानाच्या पुस्तकात शिरायचं तर तिथे लढाई तरी व्हावी लागते, नाहीतर एखादा राजा तरी मरावा लागतो. कणकुंबीचं नुसत्या नदीवर भागलं. मलप्रभेचा उगम कुठे? कणकुंबी, तालुका खानापूर. एक मार्क. गावातल्या पोराला हा मार्क पाठांतराशिवाय मिळतो. उगम माउलीच्या देवळाशी, म्हणजे रोजच्या पायाखालचा. पुढे पुस्तक नदीबरोबर सौंदत्तीच्या धरणाकडे निघून जातं. पोरं मागे राहतात.

पाण्याची काळजी मात्र सरकारदरबारी खरी. कळसा नाला उतरतो म्हादईकडे, म्हणजे गोव्याला. कर्नाटकाला तो मलप्रभेत वळवायचाय. त्यासाठी 2010 साली लवाद बसला, तीन राज्यांचे वकील तावातावाने भांडले आणि 2018 मध्ये निवाडा आला: कळशाचं 1.72 टीएमसी पाणी. दोन दशांश स्थळांपर्यंत!

पोरांचाही विचार झालाय, नाही असं नाही. 1 नोव्हेंबर 1956 रोजी मराठी बोलणारं खानापूर मुंबई राज्यातून म्हैसूरमध्ये, म्हणजे आताच्या कर्नाटकात, गेलं, आणि त्याच दिवशी घटनेचं 350-अ कलम अमलात आलं. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावं, यासाठी राज्याने प्रयत्न करावा. प्रयत्न! पाण्याच्या निवाड्यात हा शब्द घालून पाहा बरं, दुसऱ्या दिवशी रस्ते बंद.

मुंबईलाही माया आहेच. 2004 साली हा सीमाभाग आपला म्हणून महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. त्या वर्षी पहिलीत बसलेली पोरं आता लग्नाकार्याची झाली. दावा मात्र त्याच इयत्तेत.

मधे सापडतात गुरुजी. 'आपले राज्य' शिकवताना एखादं आगाऊ पोर उठून विचारणारच, "गुरुजी, आमी नक्की कुणाचे?" घरी आजोबांनी एक सांगितलेलं, पुस्तक सांगतं दुसरंच. गुरुजींच्या डोळ्यांपुढे बदलीचा कागद फडफडतो. "परीक्षेला येत नाही," ते म्हणतात, "नकाशा भरा." नकाशात सीमारेषा जाडजूड, गावं गायब. कन्नड शिकायला तशी कुणाची ना नाही, बाजारात ती लागतेच. पण कन्नड शिकलं म्हणून बंगळूर पोराला आपलं म्हणेलच असं नाही, आणि मराठी शाळेत गेलं म्हणून मुंबई त्याची फी भरत नाही.

तेव्हा आमची सूचना अशी की, पोरांनाही टीएमसीत मोजावं. आणि आषाढात शाळेची कौलं गळू लागली, तर शिक्षण खात्याला अर्ज करण्याच्या फंदात पडू नये. गाव पाणलोटाच्या रेघेवर आहे. वर्गात ठिबकणारं पाणी म्हादईच्या खोऱ्यात धरायचं की मलप्रभेच्या, एवढंच लेखी विचारावं. आठ दिवसांत तीन राज्यांचे इंजिनियर टेप घेऊन हजर. पोरांनी दाटीवाटीने कोपऱ्यात बसावं. बादलीला मात्र कुणी हात लावायचा नाही. प्रकरण न्यायप्रविष्ट आहे.